९११ हायब्रिड झाली म्हणजे नेमकं काय झालं

मे २०२४ मध्ये पोर्शने आपल्या ९११ या स्पोर्ट्स कारच्या कॅरेरा जीटीएस आवृत्तीला विजेची जोड दिली. ही खरी ९११ उरली का, हा तेव्हापासूनचा वाद बराचसा ‘हायब्रिड’ या शब्दाभोवतीच फिरतो आहे.

हा शब्द आपल्याकडे आधीच मळलेला आहे. २०१५ च्या सुमारास १२ व्होल्टची छोटी मोटर लावलेल्या गाड्याही हायब्रिड म्हणून विकल्या गेल्या. सिग्नलला इंजिन बंद होई, वेग घेताना थोडा हातभार लागे, एवढंच. विजेच्या आणि हायब्रिड गाड्यांना सवलत देणाऱ्या केंद्राच्या फेम योजनेतली त्यांची सवलत २०१७ मध्ये निघाली. मग काही अंतर निव्वळ विजेवर जाणाऱ्या स्ट्राँग हायब्रिड रुळल्या. त्यामुळे हायब्रिड म्हटलं की पहिला प्रश्न येतो, अ‍ॅव्हरेज किती?

९११ ला तो प्रश्न लागूच होत नाही. ही गाडी निव्वळ विजेवर चालत नाही, तिला चार्जिंगचा प्लग नाही. बॅटरी १.९ किलोवॅट-तासांची, म्हणजे वीजबिलाच्या हिशेबात दोन युनिटही नाहीत. आंबोलीहून सुमारे ६०० मीटर खाली उतरताना या गाडीच्या वजनातून कागदावर पावणेतीन युनिट निघतात. त्यातली बरीचशी हवेच्या आणि टायरच्या रोधात जातात, आणि उरलेली साठवायला बॅटरीत जागा असावी लागते. बचतीसाठी हा खटाटोप केलेलाच नाही.

खरी करामत चढावर आहे. वळणाआधी अ‍ॅक्सिलरेटर सोडला की एक्झॉस्टचा जोर ओसरतो आणि त्याच जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा टर्बो मंदावतो, म्हणून वळणातून बाहेर पडताना गाडी क्षणभर अडखळते. इथे टर्बोच्या शाफ्टवरच मोटर बसवली आहे, ती त्याचा वेग पडू देत नाही. वर एक्झॉस्टमधून ११ किलोवॅटपर्यंत वीजही परत मिळते. दुसरी मोटर ८ गिअरच्या पीडीके, म्हणजे पोर्शच्या दुहेरी क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये आहे, ४० किलोवॅटची. इंजिन आणि मोटर मिळून ५४१ पीएस (मेट्रिक हॉर्सपॉवर), आणि आधीच्या जीटीएसपेक्षा वजन फक्त ५० किलो जास्त. हे उत्तम काम आहे. दुःख वेगळ्याच गोष्टींचं आहे: जीटीएसचा मॅन्युअल गिअर गेला आणि काट्याचा आरपीएम मीटर जाऊन स्क्रीन आली.

असे वाद ९११ ला नवे नाहीत. १९९७ मध्ये ९११ ची ९९६ ही पिढी आली, एअर-कूलिंग जाऊन पाणी आलं आणि गोल दिवेही गेले. दिवे २००४ मध्ये परतले, हवा परतली नाही. २०१५ मध्ये साध्या कॅरेरालाही टर्बो लागला.

नव्या जीटीएसच्या तोंडाला दोन्ही बाजूंना उभ्या झडपा आहेत, गरजेप्रमाणे उघडमीट करणाऱ्या. त्यामागे, दोन्ही कोपऱ्यांत, रेडिएटर आणि त्यांच्यापुढे एसीचे कंडेन्सर. किनाऱ्यालगतच्या रस्त्यांवर सुरूची काडीसारखी पानं तिथे शिरून अडकतात, खारा ओलावा धरून ठेवतात, आणि अ‍ॅल्युमिनियमला बारीक भोकं पडतात. पावसाळ्याआधी बंपर उतरवून मऊ ब्रशने आणि कमी दाबाच्या पाण्याने हा भाग साफ करावा. जोराच्या फवाऱ्याने फिन्स, म्हणजे रेडिएटरच्या पातळ पट्ट्या, वाकतात. गॅस गळालाच तर नेहमीच्या एसीवाल्याकडे जाऊ नये. या गाडीत एसीचा कॉम्प्रेसर बेल्टवर नाही, ४०० व्होल्टच्या विजेवर चालतो. अशा कॉम्प्रेसरना सहसा पीओई तेल लागतं. सवयीने बेल्टवरच्या कॉम्प्रेसरचं पीएजी तेल ओतलं तर विजेचं इन्सुलेशन उतरतं. हाय-व्होल्टेजच्या नारिंगी केबलला हात लावण्याआधी ती यंत्रणा रीतसर बंद करावी लागते, आणि ते काम त्याचं प्रशिक्षण घेतलेल्या माणसाचंच.