नाव घेणे (मराठवाडा)

नाव घेणे म्हणजे उखाण्यात यमक जुळवून नवऱ्याचं किंवा बायकोचं नाव सांगणे. लग्न, बारसं, डोहाळजेवण, संक्रांतीचं हळदीकुंकू, जिथं निम्म्या बायका एकमेकींना ओळखत नसतात तिथं बोलणं सुरू करायला मराठवाड्यात हा हमखास उपाय. पद्धत सगळ्यांना माहितीच आहे.

उगम मात्र वादाचा. एक मत असं की हे धर्मशास्त्रातल्या बंदीतून आलं, त्यासाठी ‘आत्मनाम गुरोर्नाम’ हा श्लोक देतात, की भलं व्हावं वाटत असेल तर स्वतःचं, गुरूचं, महाकंजुषाचं, थोरल्या लेकराचं आणि कलत्राचं नाव घेऊ नये. पण कलत्र म्हणजे बायको, म्हणजे बंदी नवऱ्यावर आणि उखाणे घेतात बायका, त्यामुळे हा आधार जरा लंगडाच वाटतो. दुसरं मत उखाण्याला जात्यावरच्या, उखळावरच्या ओव्यांच्या घरातला मानतं. कल्याणीच्या (आत्ताचं बसवकल्याण, उमरग्याच्या पलीकडं) चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वराच्या ‘मानसोल्लास’मध्ये, साधारण ११२९ ते ११३१ च्या सुमाराचा हा ग्रंथ, महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात असं आलंय. ओवी म्हणजे उखाणा नव्हे, पण बायकांची पद्यं इकडं किती जुनी ते त्यातून कळतं, आणि हेच मत जास्त पटणारं आहे.

रचना दोन ओळींची. पहिलीत देव, गाव नाहीतर खाण्याची वस्तू, दुसरीत नाव आणि प्रसंग:

तुळजापूरच्या आईपुढं वाजते संबळ,
…रावांचं नाव घेते, थांबवा आता गोंधळ.

पहिल्या ओळीचा नावाशी संबंध लागत नाही, लागायची गरजही नसते. लाजरीबुजरी नवी सूनसुद्धा पाठ केलेल्या दोन ओळी म्हणून टाकते, यमक फसलं तर हसू होतं, मग कुणीतरी म्हणतं, “वैनी, ऐकूच नाही आलं, परत घ्या की!” तुळजापूर ऐकलं की लगेच पुढचं, “माहेर तिकडचं का ओ तुमचं?”, आणि दोन-चार वाक्यांत कुठलीतरी सोयरिक निघतेच. खरं काम हे प्रश्न करतात, उखाणा फक्त दार उघडतो.

गृहप्रवेशाला नणंद वाट अडवून नाव घ्यायला लावते. पुरुषही आता घेतात, बहुतेक एकच ओळ, तीही ढकलल्यासारखी. हळदीकुंकवाला विधवांना बोलवायचं नाही ही जुनी रीत, त्यामुळे त्या या बोलण्यातूनही बाहेर राहिल्या. आता काही ठिकाणी मुद्दाम बोलावतात. मोबाईलमध्ये बघून वाचलेले उखाणे बरेच ऐकू येतात, लांबलचक असतात, पण त्यावर कुणी माहेर विचारत नाही.