व्यायामशाळा की जिम? लाजणाऱ्या माणसाने कुठे जावं

पाटीवर जाऊ नका. आमच्या चौकातल्या मित्रमंडळाच्या खोलीवर ठळक अक्षरांत 'जिम' लिहिलंय आणि आत एक डबलबार, दोन बेंच, कोपऱ्यात मुद्गल नि भिंतीवर मारुतीची तसबीर. तिथून चार इमारती सोडून दुसऱ्या मजल्यावर 'अत्याधुनिक व्यायामशाळा' आहे. तिथे एसी, ट्रेडमिलची रांग आणि दारातच वार्षिक पॅकेजचा तक्ता. बोलतानाही आपण दोन्ही शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो. पण पोट सुटलेलं, आयुष्यात कधी डंबेल उचललेलं नाही आणि चारचौघांत घाम गाळायची लाज वाटते, असा माणूस यातल्या कुठल्या दारातून आत जातो याने बराच फरक पडतो.

इथे व्यायामशाळा म्हणजे मंडळाची, ट्रस्टची किंवा महापालिकेची. जिम म्हणजे धंदा म्हणून चालवलेली. (तालीम वेगळी. कोल्हापुरातली गंगावेश किंवा मोतीबाग ही मल्ल घडवायची ठिकाणं. तिथे लाल मातीचा हौदा असतो आणि वस्तादांचा शब्द अखेरचा असतो. पोट कमी करायला तिकडे कुणी जात नाही.)

मी आधी जिममध्ये गेलो. वय सदतीस, वजन चौऱ्याण्णव. 'आजच्या आज भरलेत तर सूट' ऐकून वर्षाचे पैसे भरले आणि तीन आठवड्यांत जाणं बंद केलं. लाज लोकांच्या नजरेची वाटेल असं धरून गेलो होतो, पण तिथे कुणी ढुंकूनही बघत नव्हतं. प्रत्येकाच्या कानात हेडफोन आणि नजर आरशातल्या स्वतःच्या दंडावर. अडचण वेगळीच निघाली. लॅट पुलडाऊनच्या मशीनवर बसलो, वरचा दांडा धरून ओढला, तर दांडा जागचा हलेना, मीच सीटवरून वर उचललो गेलो. आधीच्या माणसाने वजनाची पिन पार खाली, म्हणजे सगळ्यांत जड वजनाला लावून ठेवली होती. पिन बदलायची असते, मांडीवरची गादी आपल्या मापाने खाली घ्यायची असते, हे मला ठाऊक नव्हतं. ट्रेनर आठ फुटांवर दुसऱ्याला 'शेवटचे दोन, सर' म्हणत होता. त्याला हाक मारायला माझी जीभ रेटेना. मी उठलो आणि परत ट्रेडमिलवर जाऊन चाललो. ते तर रस्त्यावर फुकट चालता आलं असतं.

नंतर कळलं की जिममध्येही दोन प्रकारचे ट्रेनर असतात. फ्लोअर ट्रेनर आपल्या फीमध्येच धरलेला असतो, त्याला विचारणं हा आपला हक्क आहे. पर्सनल ट्रेनरचे पैसे वेगळे. पुष्कळदा एकच माणूस दोन्ही कामं करतो, आणि मग फुकट विचारणाऱ्याकडे त्याचं लक्ष कमी असणार, हे ओघानेच आलं. 'फ्लोअरवर या वेळेला कोण असतं?' हे पैसे भरण्याआधी विचारायचं.

व्यायामशाळेत नेमकं उलट. पहिल्याच दिवशी जोर मारता मारता एका काकांनी विचारलं, 'राहता कुठं? शुगर आहे का? याआधी काही केलंय?' चार-पाच माणसं थांबून ऐकत होती. मी सातव्या जोराला जमिनीवर पसरलो तेव्हा एक पोरगा फिसकन हसलासुद्धा. पण दुसऱ्याच मिनिटाला काकांनी माझ्या कोपराला हात लावला. 'आत घ्या, बाहेर फाकवू नका. आज पाचच. आणि बैठका दहाच्या वर नकोत, उद्या जिना उतरता येणार नाही.' अंग सर्वांत जास्त दुखतं ते बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, हे मला जिममध्ये कुणी सांगितलं नव्हतं. दोन दिवस दांडी मारली तर तिसऱ्या दिवशी 'कुठं होता?' हा प्रश्न ठरलेला.

ही सवय आजची नाही. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 चं, पुण्याचं महाराष्ट्रीय मंडळ 1924 चं, दादरचं समर्थ व्यायाम मंदिर 1925 चं. या संस्थांनी व्यायाम रांगेत उभं करून, गटाने शिकवला. जुन्याने नव्याला दाखवायचं, ही रीत गल्लीतल्या खोलीपर्यंत झिरपली. जिममध्ये जागा आणि यंत्रं वापरायला मिळतात, शिकणं आपलं आपण.

म्हणून आपली लाज कुठल्या जातीची आहे ते आधी ओळखा. 'लोक बघतील' ही भीती असेल तर जिम बरी. गर्दीत हरवून जाता येतं, दुपारी अकरा ते चार तर शुकशुकाट असतो. 'विचारायचं कसं' ही भीती असेल तर व्यायामशाळा, कारण तिथे न विचारता सांगतात. माझी दुसरी निघाली. मला वाटत होतं पहिली आहे.

बायकांसाठी हा हिशेब असा सरळ नाही. बऱ्याच व्यायामशाळांत बायकांची वेळच नसते, किंवा असते ती भर दुपारची. कपडे बदलायला खोली नसते, आणि काकांचा तो हक्काने लावलेला हात तर नकोच. अशा वेळी फक्त महिलांची जिम किंवा महिला ट्रेनर असलेली बॅच शोधणं शहाणपणाचं. आपली संस्कृती वगैरे गप्पांसाठी अवघडून घेण्यात काही अर्थ नाही.

सामानातही एक गोम आहे. जिममध्ये अडीच किलोपासून डंबेल मिळतात. व्यायामशाळेत कधी कधी सगळ्यांत हलकं तेच पाच किलोचं असतं, आणि गंज चढलेल्या प्लेटवरचे आकडे वाचता येत नाहीत. ऑलिंपिक बार, म्हणजे दोन्ही टोकांना प्लेट चढवायचा लांब दांडा, रिकामा असला तरी 20 किलोचा असतो. नवखा माणूस 'नुसता दांडाच तर आहे' म्हणून उचलायला जातो आणि तिथेच त्याचा आत्मविश्वास संपतो. व्यायामशाळेतला बार तर गल्लीतल्या वेल्डरने केलेला असू शकतो, त्याचं वजन तिथल्या जुन्या माणसालाच विचारावं.

दोन्ही जागा आपण खरोखर जाणार त्याच वेळेला बघून या. जिमवाले दुपारी तीनला बोलावून रिकामा हॉल दाखवतात, संध्याकाळी सातला तिथे बेंचसाठी ताटकळावं लागतं. दहा मिनिटं नुसतं उभं राहून आपल्यासारखं ढेरपोट्या कुणी दिसतंय का ते पाहा. फी जीएसटी धरून आहे की वरून लागणार तेही विचारा, आणि वर्षाचे नको, एक महिन्याचेच भरा. रोज यायलाच हवं असा आग्रह कुणी धरला तर ऐकून सोडून द्या. आठवड्यातले दोन दिवस ताकदीचा व्यायाम आणि एकूण दीडशे मिनिटं झपझप चालणं, एवढं जागतिक आरोग्य संघटनाही पुरेसं धरते.

आणि हो, जिममध्ये वेगळे, कोरडे बूट लागतात, नाहीतर दारातून परत पाठवतात. व्यायामशाळेत मारुती आहे, चप्पल बाहेर काढायची. मी पहिल्या दिवशी नवे कोरे स्पोर्ट्स शूज घालून गेलो होतो. ते अजून जवळजवळ तसेच आहेत.