गेहिन्नोम म्हणजे जेरुसलेमचा कचरा डेपो?

‘ज्यूंचा नरक म्हणजे जेरुसलेमबाहेर अखंड धुमसणारा कचरा डेपो, त्यावरूनच नरकाला गेहिन्नोम हे नाव आलं,’ असं बरेच जण छातीठोकपणे सांगतात. नाव जेरुसलेमलगतच्या हिन्नोमच्या दरीवरून आलं, एवढंच खरं. कचऱ्याच्या आगीची गोष्ट पहिल्यांदा सापडते ती इ.स. १२०० च्या सुमारास, दाविद किम्ही या ज्यू बायबल-भाष्यकाराकडे. तेही दूर फ्रान्सच्या दक्षिणेला, प्रोव्हान्समध्ये बसून लिहिणाऱ्या. दरीत तशा ढिगाचा पुरावा उत्खननातही मिळालेला नाही. दरीची बदनामी मात्र जुनी: तिथल्या तोफेत नावाच्या जागी मुलांना अग्नीत अर्पण करत, असं बायबलमधला संदेष्टा यिर्मया सांगतो.

आणि तिथे प्रत्येक पापी कायमचा जळतो, हेही खरं नाही. इ.स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या ज्यू धर्मनियमांच्या ग्रंथात (एदुयोत २:१०) दुष्टांची शिक्षा १२ महिन्यांची आहे. रब्बी योहानान बेन नुरी तर वल्हांडण या सणापासून शाबुओत या सणापर्यंत, म्हणजे जेमतेम सात आठवडेच म्हणतात! तोसेफ्ता या मिश्नाच्या पुरवणी-ग्रंथात मात्र पाखंडी, चहाडखोर अशा काहींवर गेहिन्नोमचं दार कायमचं बंद होतं. आजही अनेक ज्यू घरांत वारलेल्या आईवडिलांसाठी कद्दीश ही प्रार्थना ११ महिनेच म्हणतात. पूर्ण १२ म्हटलं, तर आपला बाप दुष्टांत मोजला जाईल ना!