फ्रुहोल्मेन

फ्रुहोल्मेन : नॉर्वेच्या अगदी उत्तरेचे, आर्क्टिक वृत्तापलीकडील एक खडकाळ बेट व त्यावरील दीपगृह. ते फिन्मार्क प्रांतात, इंगोया या मोठ्या बेटाच्या वायव्येस असून अक्षांश सु. ७१° उ. आहे. जगातील सर्वांत उत्तरेकडील दीपगृह म्हणून त्याची ओळख करून दिली जाते. स्वालबार या नॉर्वेच्या आर्क्टिक द्वीपसमूहावर याहूनही उत्तरेस नौकांसाठी दिवे आहेत. पण पूर्वी कर्मचारी राहत असलेले, पूर्ण अर्थाने दीपगृह म्हणायचे, तर हा मान फ्रुहोल्मेनला देणे योग्य ठरते.

एवढ्या उत्तरेस दीपगृह लागले कशाला, असे वाटणे साहजिक आहे. उबदार सागरी प्रवाहामुळे हा किनारा भर हिवाळ्यातही गोठत नाही, त्यामुळे कॉड पकडणाऱ्या होड्या आणि रशियाच्या अर्खांगेल्स्ककडे जाणारी जहाजे येथून जात. नोव्हेंबरच्या उत्तरार्धापासून सु. दोन महिने मात्र येथे सूर्य उगवतच नाही. समुद्र मोकळा, वर दिवसाही अंधार आणि जोडीला हिमवादळे, असा हा प्रकार. उन्हाळ्यात उलटी परिस्थिती असते. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत सूर्य मावळत नाही, तेव्हा दिवा लावण्याचे कारणच उरत नाही आणि तो बंद ठेवतात.

पहिले दीपगृह १८६६ मध्ये सुरू झाले. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ च्या शरद ऋतूत, सोव्हिएट फौजा पुढे सरकू लागल्यावर जर्मन सैन्याने माघार घेताना फिन्मार्क पद्धतशीरपणे जाळला. घरे, धक्के, पूल, तारेचे खांब असे शत्रूच्या उपयोगी पडेल ते सर्व नष्ट करण्यात आले व रहिवाशांना सक्तीने दक्षिणेस हलविले गेले. त्यात हे दीपगृहही गेले. सध्याचा १८ मी. उंच चौकोनी बुरूज १९४९ मधील आहे. सागरी दीपगृहाबद्दल मनात असलेले गोल, निमुळते चित्र येथे लागू पडत नाही. युद्धानंतरच्या पुनर्बांधणीतील हे सरळसोट, कामापुरते बांधकाम आहे. २००६ मध्ये दिवा पूर्ण स्वयंचलित झाला आणि बेटावरील कायमची वस्ती संपली.

शेजारच्या इंगोयावर १९११ मध्ये स्वालबारमधील स्पिट्सबर्गन बेटाशी बिनतारी संपर्क ठेवणारे केंद्र उघडले होते. त्याच बेटावर २००० मध्ये ३६२ मी. उंचीचा प्रसारण-मनोरा उभारण्यात आला.