शॉवरच्या दाराखालची पट्टी कडक का होते?

आमच्या न्हाणीघराच्या काचेच्या दाराखाली बसवलेली पारदर्शक पट्टी तिसऱ्या वर्षी बदलावी लागली, तेव्हा काढता काढता तिचे तीन तुकडे झाले. बसवली त्या दिवशी बोटाभोवती गुंडाळता येईल इतकी मऊ असलेली ती पट्टी आता वाकवली की काडकन मोडत होती. रंग जुन्या सेलोटेपसारखा पिवळा पडला होता आणि खाचेत काळी रेघ धरली होती. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की ती झिजलेली नव्हती. तिचा ओठ, म्हणजे उंबऱ्याला टेकणारी पातळ झालर, जवळजवळ पूर्वीइतकाच जाड होता, फक्त त्याने वाकणे सोडून दिले होते. त्यामुळे टिकाऊ पट्टी शोधताना ती किती जाड आहे हे पाहण्यापेक्षा तिचा मऊपणा कुठून आला आहे, हे आधी पाहावे लागते.

मुळात ही पट्टी लागते, कारण दाराची काच फरशीला टेकवता येत नाही. शॉवरसाठी वापरतात ती टफन्ड काच सुमारे ६२० ते ६५० अंश सेल्सियसपर्यंत तापवून हवेच्या झोतांनी झपाट्याने थंड केलेली असते. त्यामुळे तिचा पृष्ठभाग कायम दाबाखाली आणि गाभा ताणाखाली राहतो, आणि एकदा हे झाले की ती कापता किंवा घासून बसवता येत नाही. कापायला गेल्यास तिचा चुरा होतो. फरशीला मात्र जाळीकडे उतार असतो, उंबरा कधीच अगदी समपातळीत नसतो आणि दार फिरायला मोकळी जागाही हवी असते. काचेला जमत नाही ती तडजोड खालची पट्टी करते, आणि त्यासाठी तिने वर्षानुवर्षे वाकत राहणे आवश्यक असते.

बाजारात मिळणाऱ्या बहुतेक स्वस्त पट्ट्या पीव्हीसीच्या, म्हणजे पॉलिव्हिनाइल क्लोराइडच्या असतात. हा पदार्थ स्वभावाने मऊ नाही. नळाचे पाइप त्याचेच असतात आणि सुमारे ८० अंशांच्या खाली तो ताठच असतो. १९२६ मध्ये अमेरिकेतील बी. एफ. गुडरिच कंपनीत वॉल्डो सेमन हे रसायनशास्त्रज्ञ रबर धातूला चिकटवणारे द्रव्य शोधत होते. त्यांनी पीव्हीसी उच्च उत्कलनबिंदूच्या द्रावकात तापवले, तेव्हा हवे होते ते चिकट द्रव्य मिळाले नाही, पण जेलीसारखा लवचीक पदार्थ हाती लागला. द्रावकाचे रेणू पीव्हीसीच्या लांब साखळ्यांमध्ये शिरून त्यांना एकमेकींवरून घसरू देत होते. आज या कामासाठी बहुधा थॅलेटवर्गीय तेलकट द्रव्ये वापरतात आणि मऊ पीव्हीसीमध्ये त्यांचे प्रमाण वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास सहज असू शकते. त्यांना सुघट्यकारक म्हणतात; आपण साध्या भाषेत मऊकारक म्हणू.

खोट इथेच आहे. मऊकारक साखळीला रासायनिक बंधाने जोडलेला नसतो, नुसता मध्ये वसलेला असतो. म्हणून तो हळूहळू बाहेर पडतो. कपाटात घडी घालून ठेवलेल्या जुन्या रेनकोटला आलेला चिकटपणा बऱ्याच अंशी या बाहेर पडणाऱ्या द्रव्यामुळेच असतो. शॉवरमध्ये तर त्याला बाहेर काढणारी सगळी मंडळी रोज हजर असतात: गरम पाण्याने साखळ्या सैल होतात, आणि ज्या गुणाने साबण अंगावरचे तेल धुतो त्याच गुणाने तो पट्टीतले तेलही ओढतो. दुसरीकडे उष्णता आणि प्रकाश यांमुळे पीव्हीसीच्या साखळीतून हायड्रोजन क्लोराइड निसटू लागते आणि मागे एकाआड एक दुहेरी बंधांची रांग तयार होते. ही रांग पुरेशी लांब झाली की ती निळा प्रकाश शोषते आणि आपल्याला पट्टी पिवळी दिसते. पिवळेपणा हा मळ नसल्यामुळे तो घासून जात नाही; घासण्याने ओठावर चरे मात्र पडतात.

काळी रेघ बुरशीची असते. मऊ पीव्हीसीवर वाढणाऱ्या बुरशींमध्ये ऑरिओबेसिडियम पुलुलन्स ही प्रसिद्ध आहे, आणि काही मऊकारक द्रव्ये तिच्यासारख्या बुरशींना अन्न म्हणूनही चालतात. याचा अर्थ पट्टी आपल्या मऊपणाची किंमत बुरशीला खाऊ घालून मोजते, असे म्हणायला हरकत नाही.

सिलिकॉन रबराचे तसे नाही. त्याच्या साखळीचा कणा सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांच्या एकाआड एक अणूंचा असतो. हा बंध तोडायला सुमारे ४५० किलोज्यूल प्रति मोल ऊर्जा लागते, तर पीव्हीसीच्या कण्यातल्या कार्बन-कार्बन बंधाला सुमारे ३५०. ही साखळी मुळातच लवचीक असल्यामुळे तिला वेगळ्या मऊकारकाची गरज पडत नाही, आणि जे घातलेलेच नाही ते निघूनही जात नाही. चांगले सिलिकॉन २०० अंशांच्या आसपासची उष्णताही सोसते, त्यामुळे शॉवरचे ४० अंशांचे पाणी त्याच्या खिजगणतीतही नसते. तरीही त्याला अमरपट्टा मिळालेला नाही. ते फाटायला हलके असते, म्हणजे काठावर एकदा चीर पडली की ती पुढे धावते. तीव्र आम्ल किंवा अल्कली त्याचा कणा तोडतात. आणि साबणाचा थर साचू दिला तर बुरशी त्यावरही बसते, फक्त तिला अन्न पट्टीऐवजी त्या थरातून मिळते.

दुकानात आणखी एक घोळ होतो. ‘पॉलिकार्बोनेटची पट्टी’ म्हणून जी दाखवतात, तिच्यात पॉलिकार्बोनेट हे कडक, पारदर्शक प्लॅस्टिक बहुधा फक्त काचेला पकडणाऱ्या कडक खोबणीत असते आणि खालचा ओठ मऊ पीव्हीसीचाच असतो. खोबणी दहा वर्षे टिकेल, पण गळती थांबवायची आहे ओठाला. म्हणून मी दुकानदाराला नाव विचारण्याऐवजी ओठ बोटांत धरून दुमडतो आणि सोडतो. सिलिकॉन ताबडतोब सरळ होते; पीव्हीसी क्षणभर आळस करते आणि घडीची खूण थोडा वेळ राहते. पॉलिकार्बोनेटच्या खोबणीवर अमोनिया किंवा ॲसिटोन असलेले स्वच्छक वापरू नये, तिला बारीक तडे जातात.

पदार्थाइतकेच माप महत्त्वाचे आहे. काच ६, ८, १० की १२ मिलिमीटर जाडीची आहे हे मोजूनच खोबणी घ्यावी; सैल खोबणी ओलसर काचेवरून सरकते. दाराखालची फट डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे अशी तीन ठिकाणी मोजावी, कारण फरशीच्या उतारामुळे ती सारखी क्वचितच असते. ओठ उंबऱ्याला नुसता लागून एक-दोन मिलिमीटर वाकावा. जास्त दाबून बसवलेली पट्टी सुरुवातीला घट्ट वाटते, पण दाबलेला रबर हळूहळू त्याच आकाराचा होऊन बसतो. जुन्या कुकरची रिंग चपटी होऊन वाफ सोडू लागते, ती याच कारणाने.

गळतीची परीक्षा साध्या पाण्याने घेतली तर फसगत होते. शुद्ध पाण्याचा पृष्ठताण, म्हणजे त्याचा पृष्ठभाग आकसून धरणारा ताण, २५ अंशांना सुमारे ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर असतो आणि प्लॅस्टिकच्या अरुंद फटीत पाणी सहजी शिरत नाही. साबण मिसळला की हा ताण ३० च्या आसपास उतरतो, पाणी पृष्ठभागावर पसरते आणि तीच फट ते ओलांडते. त्यामुळे ओठाला साबणाचे पाणी ओतूनच तपासावे.

बोअरच्या कठीण पाण्याचा त्रास वेगळा. वाळल्यावर कॅल्शियम कार्बोनेटचा खरखरीत थर ओठाच्या टोकावर बसतो आणि पुढे दार उघडताना तोच थर ओठ कापतो. शिवाय साबण व कॅल्शियम मिळून न विरघळणारा पांढरा लगदा होतो तो निराळा. हा थर साध्या व्हिनेगरने निघतो. त्यासाठी शौचालयासाठीचे तीव्र आम्ल वापरले तर सिलिकॉनही बिघडते आणि बिजागऱ्यांचा मुलामाही उतरतो.

नव्या पट्टीच्या खोबणीखाली आत झुकलेली एक तिरकी पाती असते. काचेवरून ओघळणारे पाणी ती परत न्हाणीच्या बाजूला सोडते. माझ्या पहिल्या पट्टीची ती बाहेरच्या बाजूला तोंड करून बसवली गेली होती आणि तीन वर्षे आम्ही ओला पायपुसणा पिळत होतो. आता पट्टी दाराच्या रुंदीपेक्षा दोन मिलिमीटर आखूड कापून घेतो, खोबणी थोडी गरम पाण्यात बुडवून सैल करतो आणि बसवण्याआधी ती तिरकी पाती शॉवरकडे आहे ना, हे बोटाने चाचपून पाहतो.