रशिया फुटला की बाहेर पडला?

डिसेंबर १९९१ चा विषय निघाला की मराठीत आजही सहज म्हटलं जातं, ‘रशिया फुटला’. दोष आपल्या सवयीचा आहे. सोव्हिएत संघाला आपण कायम रशियाच म्हणत आलो. १९७१ चा मैत्री करार रशियाशी झाला, भिलाईचा पोलाद कारखाना रशियाच्या मदतीने उभा राहिला, १९७९ मध्ये काबूलमध्ये उतरल्या त्याही रशियन फौजा, मग पहिल्या तुकड्यांत उझबेक आणि ताजिक जवान का असेनात. पुस्तक प्रदर्शनात चार-पाच रुपयांना मिळणारी रंगीत बालपुस्तकंही सरसकट ‘रशियन’. गोष्ट युक्रेनी असली तरी कोण बघतं?

कायद्याच्या हिशेबात मात्र रशिया हे १५ घटक प्रजासत्ताकांपैकी एक होतं. थोरलं खरं, संघाच्या भूभागापैकी सुमारे तीन चतुर्थांश त्याच्याकडेच होता. पण १५ पैकी एक. आणि संघ मोडल्याच्या कागदावर ज्या तिघांनी सह्या केल्या, त्यातली एक सही रशियाची होती.

नावाचा गुंता आधीपासूनचा. ‘रूस’ हे नाव मुळात कीव्हभोवतालच्या सत्तेचं. ९८८ मध्ये ख्रिस्ती झालेली हीच सत्ता १२४० मध्ये मंगोलांपुढे कोसळली. मॉस्को तेव्हा आडगाव होतं. ते पुढे मोठं झालं, १५४७ मध्ये तिथल्या राजाने ‘झार’ ही पदवी घेतली, आणि १७२१ मध्ये साम्राज्य जाहीर झालं तेव्हा त्याच्या नावात ‘रोसिया’ आलं. म्हणून रशियन भाषेत आजही दोन विशेषणं आहेत: ‘रूस्की’ म्हणजे वंशाने, भाषेने रशियन, ‘रोसीस्की’ म्हणजे त्या राज्याचा, मग तो तातार असो की चेचेन. मराठीत दोघंही ‘रशियन’. बातम्या वाचताना निम्मा घोटाळा इथेच होतो.

भूगोलानेही हा घोटाळा वाढवला. १५५२ मध्ये तातारांचं कझान मॉस्कोच्या हाती पडलं आणि १६३९ मध्ये कोसॅक, म्हणजे सीमाभागातल्या लढवय्यांच्या, टोळ्या प्रशांत महासागराला भिडल्या. वाटेत उरल पर्वत लागतो, पण तो काही हिमालय नव्हे. मुंबई बंदरात उतरणाऱ्या इंग्रजाला आपण विलायतेत नाही हे कळत होतं. कझानहून पूर्वेला निघालेल्या कोसॅकला देश संपून वसाहत सुरू झाली अशी रेघ कुठेच लागली नाही. ती रेघ आखली बोल्शेविकांनी, म्हणजे १९१७ मध्ये सत्तेवर आलेल्या कम्युनिस्टांनी, आणि तीही नाइलाजाने.

खरा वाद १९२२ चा आहे. यादवी युद्ध संपत आलं होतं. युक्रेन, बेलारूस आणि कॉकेशसपलीकडची प्रजासत्ताकं कागदावर स्वतंत्र, प्रत्यक्षात मॉस्कोच्या पक्षाच्या मुठीत. यांचं करायचं काय? राष्ट्रीयत्व खातं सांभाळणाऱ्या स्टालिन यांचा, जे स्वतः जॉर्जियन होते, तोडगा सरळ होता: सगळ्यांनी रशियन प्रजासत्ताकात स्वायत्त प्रांत म्हणून यावं. जॉर्जियाच्या पक्षाने विरोध केला, युक्रेनला आहे तेच चालू राहिलेलं हवं होतं. मॉस्कोजवळच्या गोर्कीत आजारपणामुळे विश्रांती घेत असलेल्या पक्षनेत्याने, लेनिनने, २६ सप्टेंबरला चिठ्ठी पाठवून आराखडाच फिरवला. रशियानेही इतरांच्या बरोबरीने एका नव्या संघात सामील व्हावं, असं त्याचं म्हणणं. त्याने सुचवलेलं नावही पाहण्यासारखं आहे: ‘युरोप व आशियातील सोव्हिएत प्रजासत्ताकांचा संघ’.

या नावातले दोन्ही खंड पुढे गळाले आणि उरलेल्या नावात एकाही जागेचा उल्लेख राहिला नाही. संघ, सोव्हिएत, समाजवादी, प्रजासत्ताकं. एवढ्या मोठ्या देशाच्या अधिकृत नावात ना नदी, ना शहर, ना लोक. उद्या जर्मनीत क्रांती झाली तर तिलाही आत घेता यावं, ही आशा तेव्हा पुरती विझली नव्हती.

दरम्यान जॉर्जियाची राजधानी तिफ्लिस (आजचं त्बिलिसी) इथे मॉस्कोच्या दूताने एका जॉर्जियन कम्युनिस्टाच्या थोबाडीत मारली. ही बातमी आजारी नेत्याला इतकी लागली की ३० डिसेंबर १९२२ ला, बोल्शोई थिएटरमध्ये संघस्थापनेवर शिक्कामोर्तब होत असतानाच, तो अंथरुणावरून रशियन अरेरावीविरुद्ध टिपणं सांगत होता. ती सोव्हिएत वाचकांपुढे छापून आली १९५६ मध्ये.

संघातून बाहेर पडण्याचा हक्क या तडजोडीतून आला आणि १९२४, १९३६, १९७७ अशा तिन्ही राज्यघटनांत टिकला. रशियाचे अध्यक्ष पुतिन त्याला इमारतीच्या पायात पुरलेला बॉम्ब म्हणतात. बॉम्ब होता हे खरं, पण हा आरोप मागून पाहणाऱ्याचा आहे. युक्रेनने जानेवारी १९१८ मध्येच स्वातंत्र्य जाहीर केलं होतं, जॉर्जियाने त्याच वर्षी मे महिन्यात. आधी दार उघडून बाहेर गेलेल्यांना परत आणताना दारच भिंतीत चिणतो, असं कोण म्हणेल? शिवाय कडी आतून पक्षाच्या हातात होती. ती सुटेल हे १९२२ मध्ये कोणी गृहीत धरलं नव्हतं.

हक्क कोणाला आणि कोणाला नाही, हे १९३६ मध्ये ठरलं. तोवर तेच माजी मंत्री, स्टालिन, सर्वेसर्वा झाले होते. प्रजासत्ताक सीमेवर असावं, नाव असलेला समाज तिथे बहुसंख्य असावा आणि लोकसंख्या दहा लाखांहून जास्त असावी, अशा त्यांच्या तीन अटी. तातार लाखोंनी होते, पण चहूबाजूंनी रशियाच. बाहेर पडून जाणार कुठे? म्हणून तातारस्तान स्वायत्तच राहिलं. कझाकस्तान तोवर रशियातच होतं, पण सीमेवर असल्यामुळे ते वर चढलं. ५५ वर्षांनी कझाकस्तान देश झाला आणि तातारस्तान झाला नाही, त्याचं मूळ या यादीत आहे. क्रिमिया १९५४ मध्ये रशियाकडून युक्रेनकडे गेला तेव्हाही एकाच घरातल्या खोल्या बदलल्यासारखंच वाटलं.

आणि रशियाची स्वतःची खोली? ती जवळजवळ रिकामी होती. इतर १४ प्रजासत्ताकांना आपापला कम्युनिस्ट पक्ष होता, आपली विज्ञान अकादमी होती. रशियाला दोन्ही नाही. संघाचं तेच आपलं, असा हिशेब. रशियाला वेगळा पक्ष मिळाला तो जून १९९० मध्ये. माणसाचं राष्ट्रीयत्व मात्र अंतर्गत पासपोर्टावर लिहिलेलं असे, आणि ताश्कंदमध्ये जन्मला म्हणून कोणी त्यात ‘उझबेक’ होत नसे. १९८९ च्या जनगणनेत संघाची लोकसंख्या २८ कोटी ६७ लाख होती. त्यातले अडीच कोटी ‘रूस्की’ रशियाबाहेरच्या प्रजासत्ताकांत राहत होते. त्यांच्या लेखी ते परदेशात नव्हते.

मार्च १९९१ च्या सार्वमतात संघ टिकावा असं ७६ टक्क्यांहून जास्त मतदारांनी सांगितलं, पण सहा प्रजासत्ताकांनी ते आपल्याकडे घेतलंच नाही. संघ टिकवण्यासाठी कट्टर कम्युनिस्टांनी केलेलं ऑगस्टचं बंड फसलं, १ डिसेंबरला युक्रेनमध्ये ९० टक्क्यांवर मतं स्वातंत्र्याला पडली. आठवडाभरात बेलारूसच्या जंगलातल्या शिकारी बंगल्यात रशिया, युक्रेन आणि बेलारूसचे नेते जमले. मसुदा टंकित करायला अभयारण्याच्या कार्यालयातली सचिव बोलवावी लागली. तिघेच का, याचं उत्तर १९२२ मध्ये आहे: संघाच्या मूळ करारावर चौघांच्या सह्या होत्या आणि चौथा, कॉकेशसपलीकडचा महासंघ, १९३६ मध्येच विसर्जित झाला होता. मालक उरले तीन, त्यांनी खातं बंद केलं. बाकीच्यांना विचारलंच नाही, ही मध्य आशियातल्या नेत्यांची नाराजी अगदी रास्त होती. २१ डिसेंबरला कझाकस्तानातल्या अल्मा-आतामध्ये त्यांना सामावून घेण्यात आलं.

१२ डिसेंबरला रशियाच्या संसदेने हा करार मंजूर केला. विरोधात मतं पडली सहा. त्या सभागृहात कम्युनिस्ट कमी नव्हते. मार्च १९९६ मध्ये नव्या संसदेने ती मंजुरी चुकीची ठरवणारा ठराव केला, पण तोवर सीमेवर चौक्या बसल्या होत्या. मॉस्कोहून रशियाच्याच कालिनिनग्राडला निघालेली रेल्वे बेलारूस आणि लिथुआनिया ओलांडून जाऊ लागली.

जून १९९० मध्ये रशियन प्रजासत्ताकाने आपलं सार्वभौमत्व जाहीर केलं, तो दिवस १२ जूनचा. १९९२ पासून तिथे त्या दिवशी सुट्टी असते. सुरुवातीला सुट्टीच्या नावात ‘सार्वभौमत्वाची घोषणा’ हे शब्द होते आणि कोणापासून सार्वभौम झालो, असा प्रश्न लोक एकमेकांना विचारत. २००२ मध्ये नाव बदलून नुसतं ‘रशिया दिन’ केलं.