सिंहगड (मूकपट)

बाबूराव पेंटर यांनी कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीसाठी १९२३ साली दिग्दर्शित केलेला ऐतिहासिक मूकपट. कथा हरि नारायण आपट्यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीवरून घेतलेली. विषय तानाजी मालुसऱ्यांनी ४ फेब्रुवारी १६७० रोजी कोंढाण्यावर घातलेला छापा.

पेंटरांचे नाव निघाले की बोलणे ‘सैरंध्री’ (१९२०) आणि ‘सावकारी पाश’ (१९२५) यांच्यावर होते. पहिल्याला लोकमान्यांच्या कौतुकाचे वलय, दुसऱ्याला कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याच्या वास्तवाचे. मधल्या ‘सिंहगड’ची मात्र ‘पोशाखी’, म्हणजे निव्वळ वेशभूषेच्या दिमाखाचा, म्हणून एका ओळीत बोळवण होते, आणि ती गैर आहे.

मूकपटांचे चित्रण तेव्हा उन्हाच्या भरवशावर चाले. इथे प्रसंगच मध्यरात्रीचा. त्यासाठी पेंटरांनी कृत्रिम प्रकाशाचा वापर केला. भारतीय चित्रपटातला तो अगदी सुरुवातीचा प्रयोग मानतात. नाटकांचे पडदे रंगवून वाढलेल्या या माणसाला छायाप्रकाश कुणी शिकवायची गरज नव्हती. सपाट रंगवलेल्या पडद्यांऐवजी त्यांनी खोली असलेले नेपथ्य उभारले, आणि पात्रांचे पोशाख व हालचाली ते आधी कागदावर रेखाटून घेत. म्हणजे ज्या पोशाखीपणाला नाके मुरडली जातात, तोच इथे विचारपूर्वक घडवलेला होता. ऐंशीचा शेलारमामा रंगवला तो नुकती विशी ओलांडलेल्या व्ही. शांताराम यांनी! छायाचित्रण फत्तेलाल यांचे. कादंबरीतले लांबलचक संवाद दृश्यांमध्ये दाखवल्या जाणाऱ्या मजकुराच्या पाट्यांवर मावणे शक्यच नव्हते. कथा तोलायची ती चेहऱ्यांनी आणि प्रकाशाने.

चित्रपटाला लोटलेली गर्दी पाहूनच सरकारला करमणूक कर सुचला, असे सांगतात. कथा थोडी रंगवलेली असेल, पण मुंबई इलाख्यातला तो कायदा १९२३ चाच आहे.

उपेक्षेचे एक कारण सरळ आहे: चित्रपट आज पाहायला मिळत नाही. मूकपटांच्या नायट्रेट फिती चटकन पेट घेत, नाही तर कुजून जात. दुसरे कारण कोल्हापुरातच घडले. १९२९ मध्ये शांताराम, दामले, फत्तेलाल व धायबर कंपनीतून बाहेर पडले, सीताराम कुलकर्णी यांना सोबत घेऊन त्यांनी ‘प्रभात’ ही चित्रपट कंपनी काढली, आणि १९३३ साली याच कथेवर ‘सिंहगड’ हा बोलपट केला. तेव्हापासून पेंटरांचा ‘सिंहगड’ प्रभातची पूर्वतयारी म्हणूनच मोजला जातो. पेंटरांनी कॅमेराही स्वतः बनवला होता. कोल्हापुरातल्या खरी कॉर्नरला त्या कॅमेऱ्याचा स्तंभ आहे, त्यामुळे पेंटरांचे यंत्रकौशल्य गावाच्या लक्षात राहते. दिग्दर्शक पेंटर तितके राहत नाहीत. या चित्रपटाचे मोल ठरवायचे तर उरलेली स्थिरचित्रे आणि सहकाऱ्यांच्या आठवणी यांवरच भिस्त ठेवावी लागते.